डाळीच्या पाण्याचे गाव

नंदुरबारला उतरल्यावर मी सगळ्यात आधी काही केले असेल, तर ते म्हणजे शिंकणे. स्टेशनवरून रिक्षा निघाली, बाजाराच्या अंगाने वळली आणि मला शिंका सुरू झाल्या त्या थांबेचनात. रिक्षावाल्याने मागे वळूनही पाहिले नाही.

"मिरची शे ताई. चार दिन राहा, मंग नाक शानं व्हई जाई."

थोडे पुढे गेल्यावर त्या शिंकांचे उगमस्थान दिसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन लाल झाली होती. पथारी (मिरची वाळत घालायची मोकळी जागा) इतकी लांबच लांब की तिचा शेवट दिसत नव्हता. थंडीच्या उन्हात बायका तोंडाला पदर गुंडाळून मिरची पालथी करत होत्या. मी रुमाल नाकाला लावून पाहत राहिले. परांड्याच्या मुलीला मिरची नवीन नाही, पण मिरचीची जमीन मी पहिल्यांदाच पाहत होते.

आमच्या संस्थेने मला इकडे पाठवले होते ते पाण्यासाठी. शहादा तालुक्यात आसपासच्या मोठ्या गावांचा कचरा टाकायचा एक डेपो आहे. त्याच्या खालच्या अंगाला एक शेतकऱ्यांचे गाव आहे. तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले आहे का, बिघडले असेल तर ते डेपोमुळे की आणखी कशामुळे, आणि त्यातून कोणाच्या तब्येतीला धोका आहे, एवढे मला शोधायचे होते. गावाचे नाव मी लिहीत नाही. तिथून निघताना मला तशी विनंती केली गेली आणि ती मला पटली. त्या गावची केळी आणि पपई लांबच्या बाजारात जाते. पाण्याची बातमी फळाला चिकटायला वेळ लागत नाही.

हे काम माझ्याकडे आले याचे मला अजून अप्रूप वाटते. वडील सायकली दुरुस्त करतात, आई त्यांना मदत करते आणि पदवीचा कागद आमच्या घरात माझ्याच नावाने पहिल्यांदा आला. शाळेत विज्ञानाच्या बाई लिटमसच्या एका पट्टीचे तुकडे करून वर्गाला वाटायच्या, कारण सगळ्यांना पुरेल एवढा खोका शाळेला परवडत नव्हता. माझ्या वाट्याचा नखाएवढा तुकडा लिंबाच्या रसात लाल झाला, तेव्हापासून पट्टीचा रंग बदलताना पाहायला मला आवडते. आता माझ्या पिशवीत नायट्रेट तपासायच्या पट्ट्यांची अख्खी बाटली होती.

नंदुरबारहून शहाद्याची एसटी पकडली. प्रकाशा गावाजवळ गाडी तापीच्या पुलावर आली आणि नदी खाली संथ, रुंद पसरलेली दिसली. उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. मला त्या दृश्यात माझ्या कामाचा नकाशाच दिसला. वर डोंगर, खाली नदी आणि मध्ये हळूहळू उतरत आलेली काळी जमीन. जमिनीवरचे पाणी जसे डोंगराकडून तापीकडे येते, तसेच बहुतेक जमिनीखालचेही येत असणार. म्हणजे डेपोच्या उत्तरेची विहीर आणि दक्षिणेची विहीर यांच्या पाण्यात काय फरक आहे, हे पाहिले की निम्मे उत्तर मिळेल.

शहाद्याच्या स्टँडवर जयेश मोटारसायकल घेऊन उभा होता. तो म्हसावदचा, पदवी घेऊन संस्थेच्या स्थानिक कामात लागलेला. पुढचे सगळे दिवस माझा दुभाषा तोच होता. मला वाटले होते, मराठीच तर बोलायची आहे, दुभाषा कशाला? पहिल्या चहाच्या टपरीवरच कळले. टपरीवाला मला म्हणाला, "कथाईन उनात?" मी जयेशकडे पाहिले.

"कुठून आलात, विचारतोय," जयेश म्हणाला. "आपल्याकडे शाळेत मराठी, घरी अहिराणी. ताई, तुम्ही शाळेतली बोलता. लोक तुमच्याशी बोलताना शर्टाची बटणं लावून बोलतील."

त्याचे हे म्हणणे पुढे फार खरे ठरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डेपोवर गेलो. रस्ता उसाच्या आणि केळीच्या मधून जात होता. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर समोरून येत, त्यांच्या मागे सुटलेली कांडी उचलायला शाळेची मुले धावत. मग अचानक हिरवे संपले आणि एक राखाडी टेकडी दिसली. टेकडी कचऱ्याची होती. कुठेतरी आत धुमसत होते, बगळे शांतपणे चालत होते आणि गाई प्लॅस्टिकमधून काहीतरी ओढून काढत होत्या.

फाटकावरचा राखणदार भाकरी खात बसला होता. मी वही काढली तसा तो हसला.

"लिखा, लिखा. बठ्ठा (सगळे) येतस नि लिखी जातस. कचरा तठेच ऱ्हास."

"तुम्ही इथलं पाणी पिता का हो?" मी विचारले.

त्याने शेजारची बाटली उचलून दाखवली. "घरनं लयस. इतला येडा नही मी."

टेकडीच्या पायथ्याशी एक खड्डा होता आणि त्यात कचऱ्यातून झिरपलेले काळे पाणी साचलेले होते. खड्ड्याला तळाशी काही अस्तर नव्हते, नुसती माती. मी तो नमुना बाटलीत भरत असताना एक टँकर आला आणि त्याने खड्ड्याच्या पलीकडच्या उतारावर आपली नळी सोडली. वासावरूनच कळले, घरोघरच्या शौचालयांच्या टाक्या उपसणारी गाडी. मी मोबाईल वर केला तसा चालक खिडकीतून ओरडला.

"फोटू नका काढा ताई! घरनास्ले मी सांगेल शे, दूधनी गाडी चालाडस!" (घरच्यांना मी सांगितले आहे, दुधाची गाडी चालवतो.)

जयेश इतका हसला की त्याच्या हातातली नमुने ठेवायची बर्फाची पेटी हलली. मी माणसाचा फोटो काढला नाही, नळीचा काढला. पण मला तिथे एक धागा सापडल्यासारखा वाटला. कचऱ्याच्या पाण्याबरोबर मैलाही जमिनीत मुरत असेल, तर खालच्या विहिरींत नायट्रेट वाढायला हवे. नायट्रेटला रंग नाही, चव नाही, वास नाही. पट्टीखेरीज ते दिसत नाही.

दुपारपर्यंत आम्ही डेपोच्या वरच्या अंगाच्या विहिरी केल्या. केळीच्या बागा, युरियाची मोकळी पोती बांधावर पडलेली. शेतातल्या खतामुळेही नायट्रेट वाढते, म्हणून ह्या विहिरी मला महत्त्वाच्या होत्या. पट्टी बुडवली, वाट पाहिली. फिकट गुलाबी. खत आहे, पण फार नाही.

मग आम्ही नाला ओलांडून खालच्या गावात आलो आणि आधी तिथल्या बोअरचे क्षार मोजले. गावाबाहेर, नाल्यावरच्या छोट्या बंधाऱ्याजवळ एक दगडी बांधणीची विहीर होती. स्वच्छ, काठावर तुळस लावलेली. मी पोहऱ्याने पाणी काढले. क्षार मोजायचे पेनासारखे यंत्र त्यात धरले, तर गावातल्या बोअरपेक्षा आकडा कितीतरी कमी आला. बंधाऱ्याचे पाणी पाझरून येत असणार. छान पाणी आहे, असे मनात म्हणत मी पट्टी बुडवली.

पट्टी गुलाबी झाली, मग गडद झाली, मग जवळजवळ जांभळ्याकडे झुकली. बाटलीवर छापलेल्या रंगांच्या ओळीत ती अगदी शेवटच्या चौकोनाशी जुळत होती.

खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला. वर फिकट, खाली गडद, मध्ये डेपो. पुस्तकात काढतात तसे चित्र. मी दुसरी पट्टी बुडवून पाहिली, तीही तशीच.

तेवढ्यात विहिरीचे मालक आले. सगळे त्यांना नाना म्हणतात. पांढरी टोपी, हातात विळा, उंच, कोरडे.

"काय, पुनावरून आम्हनं पानी पेवाले उनात?"

जयेशने काम समजावून सांगितले. मी विचारले, "नाना, ह्या विहिरीचं पाणी पिता का कोणी?"

नानांनी जयेश म्हणाला होता तशी बटणे लावली आणि स्वच्छ शाळेच्या मराठीत उत्तर दिले. "नाही. गावात नळ आहे. दुकानदार फिल्टरचे जार देतो. ही विहीर शेतीची आहे."

मी लिहून घेतले: पिण्यासाठी वापर नाही. धोका कमी. काठावरची माती ओली होती, दोर ओला होता, कप्पीवर ताजे घासल्याच्या खुणा होत्या. मला वाटले, गुरांसाठी काढत असतील.

नाना मला जाऊ देईनात. "आते जेवाना टाईम शे. पाहुना बिगरजेवना गया तं आक्का मालेच जेवू देवाव नही."

आक्का म्हणजे त्यांची पत्नी. घर गावाच्या कडेला, पुढे पडवी, पडवीत बाज. आक्कांनी आम्हाला पाय धुवायला पाणी दिले आणि जयेशने गाव सांगताच, "कारे, तू म्हसावदना कोना?" अशी चौकशी सुरू करून त्याच्या मामाच्या सासऱ्यापर्यंत नाते नेऊन पोहोचवले. त्यांचा मुलगा हेमंत पुरुषोत्तमनगरला नोकरीला, संध्याकाळी येतो. सून प्रतिभा आत होती, बाळंतपण होऊन माहेरून नुकतीच आलेली.

जेवायला वरण-बट्टी होती. बट्टी म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे उकडून, कापून, तुपात तळतात आणि तुरीच्या वरणात कुस्करून खातात. वरण लोण्यासारखे एकजीव झाले होते. दुसऱ्यांदा वाढून घेताना मला कालची गोष्ट आठवली. शहाद्याला जिथे उतरले होते, तिथली मावशी कुरकुरत होती की बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ काही केल्या शिजत नाही, टणटणीत राहते. इथल्या बोअरमध्येही माझ्या यंत्राने तसाच आकडा दाखवला होता. नळालाही बरेच दिवस बोअरचेच पाणी येते, असे जयेश म्हणाला होता.

"आक्का, तुमची डाळ कशी काय इतकी शिजली?"

आक्कांचा चेहरा खुलला. "अवं, बोरना पानीमां दाय शिजस का कधी? दायनं पानी आपली इहीरनं. अर्धं गाव तठेन लयस. हलकं पानी शे ते."

माझा घास हातातच राहिला. नानांकडे पाहिले. ते शांतपणे बट्टी कुस्करत होते.

"नाना, तुम्ही तर म्हणालात कोणी पीत नाही."

"पेत नहीच," नाना म्हणाले. "दाय शिजाडतस. दाय पेतस का?"

जयेशला हसू आले आणि त्याने ते आवरले. नाना खोटे बोलले नव्हते. मी जे विचारले त्याचे त्यांनी उत्तर दिले होते. आपल्याकडे पिण्याचे पाणी म्हटले की तांब्यातले पाणी. डाळीचे पाणी वेगळे, हे मला माझ्या आईच्या घरातही माहीत असायला हवे होते.

डाळीने मोठ्या माणसाला नायट्रेटचा फारसा धोका नसतो. मी स्वतःला तसे समजावत होते. मग आक्का पुढे बोलल्या, त्या बोलण्याच्या ओघात, सहज.

"बाळंतीनले, लहान लेकरूले तेच. बोरनं पानी जड, पोट दुखस. मी सवता सकाळमां लयस. पोरनं दूधभी त्यामांच करतस."

"दूध?"

प्रतिभाला बाळंतपणानंतर टायफॉईड झाला आणि तिचे दूध गेले होते. दोन महिन्यांची मुलगी डब्याच्या पावडरच्या दुधावर होती. पावडर कालवायला आक्का विहिरीचे पाणी आणत, चुलीवर ठेवत आणि निम्मे होईपर्यंत आटवत. जास्त आटवले म्हणजे जास्त शुद्ध. इकडे बाळंतिणीला पाणी देतात तेही असेच आटवलेले.

मला काय सांगायचे ते कळत होते आणि कसे सांगायचे ते कळत नव्हते. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी वाफ होऊन जाते आणि नायट्रेट तेवढेच मागे राहते, कमी पाण्यात. म्हणजे आक्का जितकी काळजी घेत होत्या तितके ते दाट होत होते. मोठ्या माणसाला ते पचते. दोन महिन्यांच्या बाळाचे रक्त मात्र त्याने प्राणवायू नीट वाहून नेत नाही.

"आक्का," मी विचारले, "बाळ रडतं तेव्हा ओठ कसे दिसतात?"

आतून प्रतिभाच बाहेर आली. मुलगी खांद्यावर झोपलेली. "रडस तवय व्हट निळसर पडतस ताई. मी आत्यास्ले सांगेल व्हतं. त्या बोलन्यात, थंडी शे." आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, आक्का.

"थंडीच शे," आक्का म्हणाल्या. "पौषमां लेकरूना व्हट असाच व्हतस."

मी जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितले. जयेशने ते अहिराणीत पुन्हा सांगितले. नानांनी हात धुतले आणि म्हणाले, "मी तेच पानी पी पी सत्तर वरीसना व्हयनू. कागदनी चिंधी लाल व्हयनी म्हनीसन इहीर खराब?"

आक्का मात्र उठल्या. आत गेल्या आणि दोन पातेली घेऊन आल्या. एकात विहिरीचे कच्चे पाणी, दुसऱ्यात सकाळी आटवून ठेवलेले, स्वच्छ फडक्याने झाकलेले. दोन्ही माझ्यासमोर ठेवली.

"यामां बुडाव तुन्ही पट्टी. कच्चामां लाल व्हई, मानस (मानते मी). उकाळेलमां व्हवाव नही. मी निम्मं करस."

मी दोन पट्ट्या काढल्या. एक आक्कांच्या हातात दिली. बुडवा, म्हटले, तुम्हीच. त्यांनी एक कच्च्या पाण्यात बुडवली, मी दुसरी आटवलेल्या पाण्यात. मग आम्ही दोन्ही बाजेच्या कडेवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि सगळे वाकून पाहू लागलो. नानाही वाकले.

कच्च्या पाण्याची पट्टी गुलाबी झाली, नंतर गडद. आटवलेल्या पाण्याची तिच्याही पुढे गेली. सरळ जांभळी.

बाळ झोपेत चुटुक चुटुक ओठ हलवत होते.

"उलटी ठी दिनी का?" (पट्ट्यांची अदलाबदल झाली का?) आक्कांनी विचारले. मी नाही म्हटले. त्यांनी माझ्याकडून आणखी एक पट्टी घेतली, पुन्हा आटवलेल्या पाण्यात बुडवली आणि हातातच धरून पाहत राहिल्या. पट्टी त्यांच्या बोटांत जांभळी झाली.

"मी तिनी आजी शे का वैरीन?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी खाली गेला होता.

उत्तर प्रतिभाने दिले.

"आत्या, तुम्ही वैरीन ऱ्हातात तं बोरनंच पाजतात. डोकावर लयतात का रोज?" (वैरीण असता तर बोअरचेच पाजले असते. रोज डोक्यावरून आणले असते का?)

आक्कांनी सुनेकडे पाहिले आणि पदर डोळ्यांना लावला. नाना उठून बाहेर गेले.

मी जार मागवायला जयेशला दुकानात पाठवले. दुकानदार शेठ राजस्थानकडचे, कित्येक पिढ्यांपासून इथे असलेले, जयेशपेक्षा पक्की अहिराणी बोलणारे. ते स्वतःच जार खांद्यावर टाकून आले. "पयलेच सांगतात तं! लेकरूले जार मी कवय नही म्हनतू?" जारचे पाणी तपासले. पट्टी जवळजवळ पांढरीच राहिली. त्या पाण्याची पहिली बाटली प्रतिभाने स्वतः कालवली.

पण बाळ रडले तेव्हा ओठांच्या कडा खरोखरच निळसर राखाडी दिसल्या. पायाची नखेही. तिला दवाखान्यात न्यायलाच हवे होते. नानांनी शेजारच्याची जीप आणली. मी, प्रतिभा, आक्का मागे बसलो. वाटेत आक्का बाळाचे पाय आपल्या हातांत धरून होत्या, ते गरम राहावेत म्हणून.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. मी घाईघाईने नायट्रेट, विहीर, आटवलेले पाणी असे सांगू लागले तेव्हा त्यांनी हात वर केला. "थांबा, पाहू." त्यांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब पांढऱ्या कागदावर घेतला आणि शेजारी स्वतःच्या बोटातला एक. वाऱ्यावर धरले. डॉक्टरबाईंचा थेंब लालभडक झाला. बाळाचा तपकिरी राहिला, गुळाच्या पाकासारखा.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग आक्कांकडे वळून अहिराणीत, "मावशी, बरं व्हयनं लई उन्यात (घेऊन आलात). आखो महिनाभर तेच पाजतं व्हतं तं माले काही सांगता उनं नसतं. आते घाबरू नका. पानी बदला, दोन दिन आठे ऱ्हावा."

त्या संध्याकाळी हेमंत कामावरून थेट दवाखान्यात आला. त्याला सगळे सांगावे लागले ते प्रतिभानेच सांगितले. मी बाहेर व्हरांड्यात बसून नमुन्यांच्या बाटल्यांवर चिकटपट्ट्या लावत होते. दुपारी जे चित्र पाहून मला आनंद झाला होता, ते चित्र आत खाटेवर झोपले होते.

दोन दिवसांनी बाळाला घरी सोडले. ओठ गुलाबी होते. आक्का तिला उन्हात धरून डॉक्टरबाईंनाच विचारत होत्या, "गुलाबी शे ना? सांग ना, गुलाबी शे ना?"

त्या दोन दिवसांत मी आणि जयेशने गाव पुन्हा फिरून काढले. ह्या वेळी घरात शिरल्यावर मी पाणी कोणते पिता हे विचारले नाही. डाळीला कुठले, बाळंतिणीला कुठले, आजाऱ्याला कुठले, असे विचारले. लोक बटणे सोडून बोलू लागले. आणखी एका घरात बाटलीवरचे बाळ निघाले. ते वरच्या आळीतले, सुदैवाने जारच्या पाण्यावर. दोन घरांत बाळंतिणी होत्या. त्यातल्या, ब्राह्मणपुरीच्या सासरहून माहेरी आलेल्या एकीने मला भरताबरोबर कळण्याची भाकरी वाढली. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून करतात ती. मी खाता खाता विचारले, आणि तिने हसून सांगितले, "आक्कानी इहीरनंच. हलकं शे ना."

नानांनी विहिरीचा दोर स्वतः काढला. मी पाहत होते. त्यांनी तो नीट गुंडाळला, खांद्यावर टाकला आणि मला म्हणाले, "तू बोलनी, मोठा मानूसले काही व्हत नही. मंग केयीले ते देवाले चाली का?" मी सांगितले, केळीला चालेल, उलट युरिया कमी लागेल. त्यांनी पहिल्यांदा हसून पाहिले. "मंग डेपोवालास्ले सांग, पैसा मांगजा नका. खत देतस ते."

परतीची गाडी नंदुरबारहून दुपारी होती. पथाऱ्या तशाच लाल होत्या. ह्या वेळी मला एकच शिंक आली. गाडीत खिडकीजवळ बसून मी संस्थेसाठी अहवालाची सुरुवात लिहायला घेतली. निघण्यापूर्वी आम्ही नकाशावर डेपोभोवती वर्तुळे काढली होती: इतक्या अंतरापर्यंत जास्त धोका, इतक्या अंतरापर्यंत कमी. वर्तुळे चुकीची नव्हती. पण त्या गावात पाणी अंतराने जात नव्हते. गावातले सगळ्यात चांगले पाणी म्हणून ते वेगळे काढले जात होते आणि ज्याला सगळ्यात जास्त जपायचे त्याच्या तोंडाशी पोहोचत होते. हे कुठल्या रंगाने रंगवायचे ते मला कळेना. मी ते साध्या वाक्यात लिहिले.

नंतर प्रयोगशाळेच्या तपासणीत मैल्याच्या खुणा खालच्या विहिरीत मिळाल्या, वरच्या विहिरीत नाही. टँकर आता तिथे येत नाही, असे जयेशने फोनवर सांगितले. काळ्या पाण्याच्या खड्ड्याला अस्तर घालायचे ठरले आहे, अजून घातलेले नाही. आक्का डाळ आदल्या दिवशी भिजत घालतात, तरी बोअरच्या पाण्यात ती पूर्वीसारखी होत नाही आणि रोज त्या जेवताना हे बोलून दाखवतात. मुलगी बसायला लागली आहे.

मी परांड्याला सुट्टीवर गेले तेव्हा आईने वरण-भात वाढला. शेजारच्या घरात नवीन बाळ आले होते, भिंतीपलीकडून त्याचे रडणे ऐकू येत होते. मी जेवता जेवता विचारले, "आई, त्यांच्या बाळाला पाणी कुठलं देतात गं?"

"का? त्या मारुतीमागच्या आडाचं. हलकं असतं ते. तुला पण तेच पाजलं होतं."

मी ताट बाजूला सारले आणि पट्ट्यांची बाटली शोधायला लागले.

"अगं, आधी जेव तरी. ते काय पळून चाललंय का?"

"बाळ जेवतंय ना आई," मी म्हटले आणि चपला घातल्या.